जुन्या डिझेल कृषियंत्रांतील इंधनप्रणालीचे बिघाड : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात निदानपद्धतींचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

ऐन हंगामात ट्रॅक्टर किंवा पाणी उपसण्याचे इंजिन बंद पाडणाऱ्या बिघाडांमध्ये इंधनप्रणालीच्या बिघाडांचा वाटा मोठा असतो, आणि यंत्र जितके जुने तितके हे बिघाड ओळखणे अवघड होत जाते, कारण वेगवेगळ्या दोषांची लक्षणे एकमेकांसारखी दिसतात. इंधनप्रणाली म्हणजे टाकीतील डिझेल गाळून, ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या मात्रेत आणि मोठ्या दाबाने सिलिंडरमध्ये फवारणारी सलग साखळी. इंजिनाचा दम तुटतो, ते काळा धूर सोडते, भार घेत नाही किंवा सकाळी चालूच होत नाही, यांतील प्रत्येक तक्रारीमागे या साखळीतील निरनिराळ्या कड्या असू शकतात आणि काही वेळा दोष साखळीच्या बाहेरही असतो.

या आढाव्यात ‘जुने यंत्र’ ही संज्ञा वयावरून न घेता पंपाच्या प्रकारावरून घेतली आहे. ज्या इंजिनात डिझेलची मात्रा आणि फवारणीची वेळ संगणकीय नियंत्रणाने न ठरता पूर्णपणे यांत्रिक पंपाने ठरते, ते येथे जुने मानले आहे. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून उत्सर्जनाचे ‘ट्रेम-४’ हे कडक निकष लागू झाले आणि त्या वर्गात इलेक्ट्रॉनिक फवारणी आली. त्याखालच्या वर्गात यांत्रिक पंप टिकून राहिला. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील शेतशिवारांत आज राबणाऱ्या यंत्रांपैकी फार मोठ्या भागाला हा प्रश्न लागू पडतो.

अशा यंत्रांच्या निदान-दुरुस्तीबाबतचा वाद मुख्यतः तीन मुद्द्यांवर आहे : तपासणी पंपापासून सुरू करावी की टाकीपासून, २०२० पासून मिळणारे अत्यल्प गंधकाचे डिझेल जुन्या पंपांना मानवते का, आणि झिजलेल्या पंपाचे पुढे काय करावे.

यंत्रांची परंपरा आणि जिल्ह्याची परिस्थिती

इंधनपंपांची भारतीय परंपरा समजल्याशिवाय आजची दुरुस्ती समजत नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना पुण्यात १९४६ मध्ये झाली आणि विहिरी-नाल्यांवरील डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या खेड्यांत पोहोचले. बॉश कंपनीच्या तंत्रावर इंधनपंप बनवणारी ‘मायको’ ही कंपनी १९५१ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी गॅरेजमध्ये आजही पंपाला ‘मायको पंप’ असेच म्हणतात. महिंद्राच्या ट्रॅक्टरनिर्मितीची सुरुवात १९६३ मध्ये, एचएमटीची १९७१ मध्ये झेटॉर कंपनीच्या सहकार्याने, आणि दुर्गापूरच्या संशोधनसंस्थेत विकसित झालेल्या आराखड्यावर आधारलेल्या स्वराजची १९७४ मध्ये झाली. या पिढीतील ट्रॅक्टर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोहोचले असून पंजी (कल्टिव्हेटर) मारणे, पाण्याचे टँकर ओढणे आणि मळणी यंत्र फिरवणे ही कामे ते अजून करतात.

या यंत्रांवर दोन प्रकारचे पंप आढळतात. पहिला ‘इनलाइन’ पंप, ज्यात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र दट्ट्या आणि नळी असते; या जोडीला मिस्त्री ‘एलिमेंट’ म्हणतात. दुसरा फिरता किंवा ‘रोटरी’ पंप, ज्यात एकच फिरता भाग सर्व सिलिंडरांना पाळीपाळीने डिझेल वाटतो. ब्रिटिश पर्किन्स इंजिनांच्या परंपरेतील ट्रॅक्टरांवर सीएव्ही बनावटीचा असा पंप पुष्कळदा असतो. निदानाच्या दृष्टीने दोहोंतला महत्त्वाचा भेद वंगणाचा आहे. इनलाइन पंपाच्या खालच्या भागात वंगणतेल असते, पण रोटरी पंपाचे सर्व हलते भाग केवळ डिझेलनेच ओले राहतात, आणि म्हणून डिझेलमधील पाणी, माती किंवा पातळपणा यांचा फटका त्याला आधी बसतो.

जिल्ह्याची भौगोलिक रचना या फटक्याला दोन बाजूंनी हातभार लावते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले असून, घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पट्ट्यात पूर्णा खोऱ्याची खोल काळी जमीन आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाच नांगरट चालते, आणि पंपात जाणारे डिझेल इंजिनाच्या उष्णतेत भर पडून अधिक पातळ होते. घाटावर चिखली-मेहकरकडे आणि घाटाखालीही सोयाबीनची मळणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. वऱ्हाडात ज्याला हडंबा म्हणतात ते मळणी यंत्र ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागील शक्तिदंडावर, तासन्‌तास फिरत असते. भुसा आणि बारीक माती यांचा ढग ट्रॅक्टरभोवती दाटलेला असतो आणि त्याच ढगात टाकीचे झाकण उघडून, पेट्रोल पंपावरून आणलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमधले डिझेल उघड्या चाडीतून ओतले जाते. एलिमेंटमधील दट्ट्या आणि नळी यांच्यातील फट दोन-चार मायक्रॉनची असते, तर माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन भरते. चाडीवर फडके धरले तरी त्यातून जाणारी धूळ या फटीच्या मानाने दगडगोट्यांसारखी ठरते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका क्षणाचे महत्त्व कळते.

निदानाचे दोन क्रम

पहिला क्रम पंपापासून सुरू होतो. इंजिनाची ताकद गेली की पंप उतरवायचा, खामगावसारख्या तालुक्याच्या गावी पंप-नोझलच्या दुकानात न्यायचा आणि तेथील चाचणी-बाकावर ‘कॅलिब्रेशन’ करून घ्यायचे, म्हणजे प्रत्येक नळीतून ठरावीक फेऱ्यांत किती डिझेल पडते ते मोजून सर्व नळ्या सारख्या करायच्या. या पद्धतीचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. वीस-तीस वर्षे चाललेल्या पंपाची झीज गृहीत धरावीच लागते, ती केवळ बाकावरच मोजता येते, आणि शेतात अर्धवट तपासणी करण्यात गेलेला दिवस हंगामात परवडत नाही.

दुसरा क्रम टाकीपासून सुरू होऊन डिझेलच्या वाटेने, सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या नोझलपर्यंत जातो. ट्रॅक्टरांच्या नियमपुस्तिका आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘मेकॅनिक डिझेल’ व ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ या अभ्यासक्रमांतील शिकवण साधारणपणे या बाजूची आहे. या क्रमाचा आधार असा, की साखळीचे कमी दाबाचा आणि अधिक दाबाचा असे दोन भाग पडतात. टाकी, नळ्या, फीड पंप आणि फिल्टर या पहिल्या भागातील दोष स्वस्त, उघड्या हातांनी तपासता येणारे आणि संख्येने अधिक असतात, तर पंप व नोझल या दुसऱ्या भागातील दोष खर्चिक आणि खास उपकरणांवाचून न दिसणारे असतात.

या दुसऱ्या क्रमातील काही पायऱ्या बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले की डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते, इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालून दम तोडते, आणि झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येऊन ते पुन्हा सुरळीत चालू लागते. असा ट्रॅक्टर पंप उतरवून तालुक्याला नेला तर बाकावर पंप निर्दोष ठरतो आणि परत बसवल्यावर तक्रार तशीच राहते. दुसरी पायरी गाळ साठवणाऱ्या काचेच्या वाटीची, जिला मिस्त्री ‘बाउल’ म्हणतात. ती सोडून उजेडात धरली असता तळाशी काळ्या मातीची रेघ, त्यावर पाण्याचा स्वच्छ थर आणि वर डिझेल असे तीन थर वेगळे दिसतात. डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढले असतील तर तेथे काळपट, बुळबुळीत साय सापडते. ती कित्येक महिने उभ्या राहिलेल्या यंत्राची खूण असते आणि केवळ फिल्टर बदलून जात नाही, त्यासाठी टाकी उतरवून धुवावी लागते.

हवेचा दोष सर्वांत फसवा असतो. फीड पंप ज्या नळीतून डिझेल खेचतो त्या नळीत ओढ निर्माण झाली, तर तिच्या सांध्यातून डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते, त्यामुळे नळी कोरडी आणि निर्दोष दिसते. इंजिनाने ‘हवा धरली’ असे म्हटले जाते आणि फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, हातपंपाने फेस संपेपर्यंत डिझेल काढून इंजिन पुन्हा चालू केले जाते. हवा काढणे हा मात्र लक्षणावरचा उपाय आहे. ती रोज धरत असेल तर चिरलेली रबरी नळी, दबलेला तांब्याचा वॉशर किंवा फिल्टरच्या झाकणाखालचे कडक झालेले रबर शोधावे लागते. याबाबत सर्वांत निर्णायक ठरणारी चाचणी अगदी साधी आहे : स्वच्छ डिझेलचा छोटा डबा मुख्य इंधनपंपापेक्षा उंच टांगून पारदर्शक नळीने थेट पंपाला जोडायचा. इंजिन या डब्यावर नीट चालले तर दोष पंपाच्या अलीकडे आहे आणि तरीही अडखळले तर पंपात किंवा त्याच्या पलीकडे, आणि नळीत बुडबुडे दिसतात का हेही डोळ्यांना कळते. दोन्ही क्रमांच्या पुरस्कर्त्यांमधील वाद मिटवण्याची इतकी स्वस्त सोय असताना ती सर्रास वापरली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अधिक दाबाच्या भागाकडे वळल्यावर मतभेद कमी होतात. इंजिन मंद वेगात ठेवून एकेका नोझलच्या नळीचे नट पाळीपाळीने ढिले केले, तर ज्या सिलिंडरचे नट सोडूनही आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही, असा निष्कर्ष निघतो. ही कसोटी जुनी आणि विश्वासार्ह आहे, परंतु नोझलच्या दाबाने निघालेली डिझेलची धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते, त्यामुळे तेथे हात धरणे धोक्याचे असते आणि अशी जखम लहान दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात दाखवावी लागते. काढलेले नोझल हातपंपाच्या टेस्टरवर लावून त्याचा उघडण्याचा दाब पाहतात. जुन्या इंजिनांत तो सर्वसाधारणपणे २०० बारच्या आसपास असतो. चांगले नोझल धुक्यासारखा फवारा सोडून टोक कोरडे ठेवते, खराब नोझल धार सोडते किंवा टोकाला थेंब धरून ठेवते.

धुराच्या रंगावरून केलेले निदान मात्र दोन्ही पक्षांनी अधिक जपून वापरावे असे दिसते. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी. ती नोझल गळाल्याने किंवा फवारणीची वेळ चुकल्याने असेल, तशीच मळणीच्या भुशाने हवेचा फिल्टर चोंदल्यानेही असेल, आणि दुसऱ्या कारणात पंपाचा काहीच दोष नसतो. सकाळचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो, पण तो पाणीमिश्रित डिझेल, उशिरा होणारी फवारणी किंवा उतरलेले कॉम्प्रेशन या तिन्हींमुळे येतो. याउलट एक खूण क्वचितच फसवते : इंजिनातील ऑइलची पातळी आपोआप वाढू लागली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर फीड पंपाचा पडदा किंवा इनलाइन पंपाचे एलिमेंट गळत आहे असे समजून इंजिन त्वरित थांबवावे लागते, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

नवे डिझेल आणि जुने पंप

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज-६) दर्जाचे डिझेल मिळू लागले, ज्यात गंधक दशलक्षात १० भागांहून अधिक नसते. त्यानंतर पंप गळू लागणे, डिझेलची मात्रा बदलणारा रॅक जड होणे आणि एलिमेंट लवकर उतरणे अशा तक्रारींना मिस्त्रीवर्गात ‘डिझेल कोरडे झाले’ असा शब्द रूढ झाला. या मताचा शास्त्रीय आधार असा : गंधक काढण्यासाठी डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करतात आणि तिच्यात धातूच्या पृष्ठभागाला चिकटून वंगण देणारे काही घटकही नष्ट होतात. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी अत्यल्प गंधकाचे डिझेल आले तेव्हा रोटरी पंप खराब होण्याचा अनुभव प्रत्यक्ष आला होता, आणि १९९३ मध्ये अमेरिकेत गंधक कमी झाल्यावर जुन्या रबरी सीलमधून गळतीच्या तक्रारी वाढल्या होत्या.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, त्या अनुभवातूनच वंगणक्षमतेची कसोटी जन्माला आली. या कसोटीत डिझेलमध्ये बुडवलेल्या पोलादी चकतीवर पोलादी गोळी ठरावीक वेळ घासून उमटलेल्या व्रणाचा व्यास मोजतात. भारतीय मानकानुसार तो ४६० मायक्रॉनपेक्षा अधिक चालत नाही, आणि तेवढी वंगणक्षमता राखण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यात द्रव्य मिसळले जाते. शिवाय गंधक स्वतः वंगण नाही. उलट त्याच्या ज्वलनातून होणारे आम्ल इंजिनाच्या ऑइलला खराब करते.

या वादात एक बाब दुर्लक्षित राहते. भारतीय डिझेलमधील गंधकाची मर्यादा १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एक टक्का, म्हणजे दशलक्षात १०,००० भाग होती. ती टप्प्याटप्प्याने बीएस-२ मध्ये ५००, बीएस-३ मध्ये ३५० आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या बीएस-४ मध्ये ५० झाली. २०२० चा बदल ५० वरून १० वर येण्याचा होता. १९८५ सालच्या ट्रॅक्टरने या संपूर्ण उतरंडीतून प्रवास केला आहे, तेव्हा त्याच्या पंपाची सारी झीज शेवटच्या पायरीच्या माथी मारणे तर्काला धरून नाही. सीलबाबतचा आक्षेप अधिक वजनदार वाटतो, कारण डिझेलमधील सुगंधी हायड्रोकार्बनचे प्रमाण घटले की वर्षानुवर्षे फुगून बसलेले जुने नायट्राइल रबर आकसते. पण त्यावरचा उपाय नवे सील घालणे एवढाच आहे.

उपाय म्हणून डिझेलमध्ये थोडे टू-टी ऑइल मिसळण्याची प्रथा पसरली आहे. यांत्रिक पंपात तिचा तात्काळ अपाय दिसत नाही आणि वंगणात थोडी भर पडणे शक्य आहे, असे समर्थक सांगतात. मात्रा अंदाजाने पडते आणि मानकात बसणाऱ्या डिझेलला तिची गरजच नाही, असे विरोधक म्हणतात. जळके ऑइल मिसळण्याबाबत मात्र दुमत नाही : त्यातील काजळी आणि धातूचे कण फिल्टर चोंदवतात व पंप खातात. रॉकेलची भेसळ दोन्ही पक्षांना सारखीच घातक वाटते, कारण ती डिझेल पातळही करते आणि कोरडेही. शंका आल्यास पेट्रोल पंपावर हायड्रोमीटर मागून घनता तपासून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नोंदवहीतील घनतेपेक्षा घनमीटरला तीन किलोग्रॅमहून अधिक फरक आला तर नमुना संशयास्पद ठरतो. पेट्रोलमधील इथेनॉलची चर्चा अनेकदा डिझेलला चिकटवली जाते, परंतु पंपावर विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये इथेनॉल मिसळलेले नसते.

दुरुस्ती, सुटे भाग आणि ‘डिझेल वाढवणे’

झिजलेल्या पंपाबाबत तीन मार्ग चर्चेत असतात : मूळ कंपनीचे एलिमेंट व डिलिव्हरी व्हॉल्व्ह घालून पंप बांधणे, स्वस्त नकली भाग वापरणे, किंवा दुसऱ्या यंत्रावरून उतरवलेला पंप बसवणे. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाल्यापासून त्या ट्रॅक्टरांच्या मालकांपुढे पहिला मार्ग अरुंद होत गेला आहे. नकली एलिमेंट बाकावर पहिल्या दिवशी मोजमापात बसते, म्हणून केवळ कॅलिब्रेशनच्या कागदावरून त्याचा दर्जा ठरत नाही.

यापेक्षा गंभीर आहे ती पंपाचे सील तोडून कमाल मात्रेचा स्क्रू फिरवण्याची, म्हणजे ‘डिझेल वाढवण्याची’ रीत. चोंदलेल्या फिल्टरमुळे किंवा उतरलेल्या कॉम्प्रेशनमुळे गेलेली ताकद तिच्यामुळे काही काळ परत आल्यासारखी वाटते, परंतु धूर, तापमान आणि खर्च तिन्ही वाढतात, आणि मूळ दोष झाकला गेल्याने पुढील मिस्त्रीचे निदानही चुकते.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

उन्हाळ्यात तापलेला ट्रॅक्टर बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही, आणि पंपावर ओले पोते टाकले की चालू होतो, हा घाटाखालचा परिचित अनुभव आहे. झिजलेल्या रोटरी पंपात पातळ झालेले गरम डिझेल फटीतून निसटते आणि थंड होताच पुन्हा दाब धरते, हे त्याचे कारण निर्विवाद आहे. पोते हा उपाय मानावा की केवळ झिजेची चाचणी, याबाबत एकमत नाही; तापलेल्या पंपावर एकदम थंड पाणी ओतल्यास बाहेरील भाग आधी आकसून आतला फिरता भाग अडकू शकतो, त्यामुळे ओतणे आणि ओले फडके गुंडाळणे यांत फरक करावा लागतो.

फिल्टर केव्हा बदलावा हेही तितकेसे स्पष्ट नाही. नियमपुस्तिका चालू तासांचा हिशेब सांगतात, पण जुन्या ट्रॅक्टरांवरील तास-मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो आणि बहुतेकदा बंद पडलेला असतो. शिवाय मळणीच्या धुळीतला एक तास आणि डांबरी रस्त्यावरचा एक तास सारखा धरता येत नाही. राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के जैवडिझेलचे उद्दिष्ट ठेवले आहे. जैवडिझेल एक-दोन टक्क्यांतही वंगणक्षमता स्पष्ट वाढवते, म्हणजे ‘कोरडेपणा’ची तक्रार त्याने दूर होऊ शकते, पण ते पाणी अधिक धरते, टाकीतील जुना गाळ सोडवून फिल्टरकडे पाठवते आणि जुन्या रबराला मऊ करते. या दोन परिणामांपैकी वीस वर्षे न धुतलेल्या टाकीत कोणता वरचढ ठरेल, याचे उत्तर प्रत्यक्ष वापरातूनच मिळेल.

नव्या डिझेलने पंप झिजतात की मातीने, या मूळ वादाचा पुरावा मात्र पंपाच्या दुकानांतच पडलेला असतो. मातीने खाल्लेल्या दट्ट्यावर लांबीच्या दिशेने बारीक, मळकट रेघा उमटतात. पाण्याने खराब झालेल्यावर तपकिरी खड्डे पडतात. वंगण अपुरे पडून अडकलेल्याचा पृष्ठभाग एका बाजूला घासून चिकटल्यासारखा दिसतो. उतरवलेली ही एलिमेंटे कोणत्या ट्रॅक्टरची, किती वर्षे चाललेली आणि कोणत्या प्रकारे झिजलेली याची नोंद न होता ती भंगारात जातात.